टीव्हीलाही प्रिंटलाइन लावा

प्रति,
मा. सचिव,
माहिती आणि प्रसारण मंत्रालय,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

विषय : वाहिनीचा मालक कोण, हे त्या वाहिनीच्या पडद्यावरच सांगण्याबाबत

महोदय,

सा. न. वि. वि.

आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर रिमोट आईच्या ताब्यात असतो. तिचं वय एक्याऐंशी. बातम्या बघायच्या झाल्या की ती अजूनही ‘स्टार माझा लाव’ म्हणते. परवा मी तिला सांगितलं, ‘आई, ते स्टार कधीच गेलं. एबीपी माझा आहे आता.’

‘एबीपी म्हणजे?’

‘आनंद बझार पत्रिका. कोलकात्याचा पेपर आहे.’

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मग माझा कशाला म्हणतात?’

मी हसलो. पण अर्धं आयुष्य बातमीच्या धंद्यात घालवूनही तिला समजेल असं उत्तर मला देता आलं नाही. ते उत्तर तुमच्या कार्यालयात, परवानग्यांच्या फायलीत लिहिलेलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. पानं लागली, जाहिराती बसल्या की शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक टायपातली ओळ उरायची. ‘हे पत्र मालकांसाठी मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून अमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले.’ तिच्याच शेजारी संपादकाचं नाव, आणि पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्यांची असल्याची टीप. आम्ही हिला प्रिंटलाइन म्हणायचो. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिलं काम तेच, प्रिंटलाइन तपास. आमचे फोरमन म्हणायचे, ‘हेडलाइन चुकली तर वाचक शिव्या देईल, ती सोस. प्रिंटलाइन चुकली तर कचेरीतून बोलावणं येतं.’ पत्ता बदलला, प्रेस बदलला, भागीदार बदलला की नवं डिक्लेरेशन घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं. मालक कुरकुरायचे, पण जायचे.

मार्च उजाडला की आणखी एक चौकट लागायची. ‘फॉर्म ४, नियम ८.’ प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रकाचं नाव, राष्ट्रीयत्व, प्रकाशकाचं नाव, राष्ट्रीयत्व, संपादक, आणि शेवटी एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त हिस्सा असणाऱ्या सगळ्यांची नावं-पत्ते. खाली प्रकाशकाची सही, ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.’ ज्याच्या चारशे प्रती निघतात आणि त्यातल्या दोनशे भेट जातात, अशा त्रैमासिकालासुद्धा ही चौकट चुकली नाही. कविता छापणाऱ्या माणसाचं राष्ट्रीयत्व विचारण्यात काय हशील, असा विनोद आम्ही दर वर्षी करायचो. १८६७ सालचा तो कायदा आता गेला आणि मार्च २०२४ पासून नवा लागू झाला. पण छापलेल्या कागदावर प्रकाशकाचं नाव-गाव घालायची रीत गेली नाही. रीत इंग्रजांनी लावली, आणि लावली तीही आपल्यावर नजर ठेवायला. वाचकाला तिचा फायदा झाला तो अपघाताने. तरी झाला. एखाद्या साप्ताहिकाने एका साखर कारखान्याची सलग तीन अंक आरती ओवाळली की गावातला शहाणा वाचक अंक उलटा करून तळाची ओळ वाचायचा आणि म्हणायचा, ‘हां, मग बरोबर आहे.’

टीव्ही उलटा करता येत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. तेव्हा मालक कोण हा प्रश्नच नव्हता. सरकारचं चॅनेल सरकारची बाजू सांगणार, हे धरूनच लोक बघत होते, आणि मिठाची चिमूट प्रत्येकाच्या हातात होती. घोळ झाला तो पुढे. मराठी वाहिन्यांची नावं आणि मालक दोन वेगळ्या वेळापत्रकांनी बदलत गेले. हे नीट सांगतो, कारण माझ्या मागणीचं मूळ इथे आहे.

स्टार माझा जून २००७ मध्ये सुरू झाली. पडद्यावर स्टारचा तारा, त्यामुळे घरोघरी समज एकच, की ही स्टारचे परदेशी मालक मर्डोकसाहेब यांची. प्रत्यक्षात २००३ सालीच सरकारने वृत्तवाहिन्यांत परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. म्हणून जी कंपनी उभी राहिली तिच्यात ७४ टक्के कोलकात्याच्या आनंद बझार समूहाचे आणि २६ टक्के स्टारचे. म्हणजे बहुमताचा मालक पहिल्या दिवसापासून कोलकात्याचा होता, आणि पाटी दुसऱ्याची होती. जून २०१२ मध्ये पाटी उतरली आणि ‘एबीपी माझा’ झाली. लोकांना वाटलं चॅनेल विकलं गेलं. मुख्य मालक तर तोच होता.

आता याच्या नेमकं उलट बघा. ई टीव्ही मराठी जुलै २००० मध्ये सुरू झाली, रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाची. तिच्या बातम्या हैदराबादला, रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जायच्या. आमच्या भागातली बरीच पोरं तेव्हा बॅग भरून तिकडे गेली आणि तिथूनच महाराष्ट्राला महाराष्ट्र सांगू लागली. जानेवारी २०१२ मध्ये नेटवर्क१८ने ईनाडूच्या वाहिन्यांचा सुमारे २,१०० कोटींचा सौदा जाहीर केला, मराठी वाहिनीतल्या ५० टक्क्यांसकट. त्याच वेळी नेटवर्क१८च्या प्रवर्तकांना भांडवलासाठी पैसा उभा करून दिला तो एका न्यासाने, ज्याची लाभार्थी रिलायन्स होती. सौदा जानेवारी २०१४ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी जुलैत नेटवर्क१८चा ताबाच रिलायन्सकडे आला. आणि पडद्यावर? पडद्यावर मार्च २०१५ पर्यंत ई टीव्ही मराठीच. मग एक दिवस कलर्स मराठी झाली, रंगीबेरंगी जाहिराती लागल्या, आणि बायका म्हणाल्या की मालिका त्याच आहेत, मग बदललं काय?

आयबीएन लोकमतचं तेच. एप्रिल २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा निम्मी नेटवर्क१८ची, निम्मी लोकमत समूहाची. २०१४ मध्ये त्या निम्म्यामागचा धनी बदलला. नाव मात्र आणखी काही वर्षं तेच राहिलं आणि न्यूज१८ लोकमत हे नंतर झालं.

म्हणजे एकीकडे नाव बदललं तेव्हा मालक तोच होता, आणि दुसरीकडे मालक बदलला तेव्हा नाव तेच होतं. लोगो बघून मालक ओळखायला गेलेला प्रेक्षक दोन्ही वेळा चुकला, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

पुढची गंमत नोव्हेंबर २०२४ ची. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोघी रात्री आठला एकमेकींच्या उरावर बसलेल्या वाहिन्या. एकीच्या सासूने काही केलं की आठवड्याभरात दुसरीची सासू तेच करायची. कलर्सची व्हायकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचं विलीनीकरण झालं, जिओस्टार नावाची कंपनी झाली, आणि दोघी सासवा एका घरात नांदायला आल्या. नियंत्रण रिलायन्सचं, डिस्नेचा हिस्सा ३६.८४ टक्के. स्पर्धा आयोगाने अटी घालून परवानगी दिली होती, म्हणजे सरकारदरबारी यावर पुरेशी चर्चा झाली. आमच्या कॉलनीत याची वार्ताही नाही. आमच्या समोरच्या काकू अजून ‘प्रवाहवाले’ आणि ‘कलर्सवाले’ यांच्यात कोण पुढे याचा हिशेब ठेवतात.

मालिकांचं एक वेळ सोडून देऊ. बातम्यांचं कसं सोडणार?

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मान वर राहत नाही, पण तिच्याशिवाय हे पत्र कोरडं राहील.

दैनिक बंद पडल्यावर मी जवळच्या एका तालुक्याच्या गावी लोकल केबल चॅनेलवर बातम्या करायला लागलो. चॅनेलचं नाव-गाव इथे महत्त्वाचं नाही. असली चॅनेल प्रत्येक तालुक्यात होती आणि आहेत. हार्डवेअरच्या दुकानावरचा माळा, एका भिंतीला हिरवं कापड, दोन हॅलोजन, एक कॅमेरा. कूलर होता, पण त्याची घरघर माइकमध्ये जायची म्हणून बुलेटिन चालू असताना बंद. कोटाच्या खाली लुंगी नेसून बातम्या वाचणारा अँकर ही अतिशयोक्ती नाही, मी स्वतः वाचल्या आहेत. मालक म्हणजे केबलवालाच. मोटरसायकलवर शिडी बांधून फिरणारा, कुणाच्या गच्चीवरची वायर माकडाने तोडली की स्वतः चढणारा. सगळं गाव त्याला ओळखायचं. त्याने कुणाची बाजू घेतली तर का घेतली हेही गावाला ठाऊक असायचं. प्रिंटलाइनची गरजच नव्हती, तो स्वतःच चालतीबोलती प्रिंटलाइन होता.

एका दिवाळीत लोगोचा रंग बदलला. आम्हाला सांगितलं, ग्राफिक्स नवे केलेत. नवा कॉम्प्युटर आला, अँकरला खुर्ची आली. आम्ही खूश. त्या वर्षी गावात पाणीयोजनेचं काम रखडलं होतं, रस्ते खणून ठेवलेले, आठवड्यातून दोनदा पाणी. बायकांनी नगरपालिकेवर रिकाम्या घागरींचा मोर्चा काढला. मी कॅमेरा घेऊन गेलो. एका म्हातारीने घागर पालथी करून माझ्या पायावर ठेवली आणि म्हणाली, ‘हे दाखव.’ तिचा बाइट घेतला, अडीच मिनिटांचं पॅकेज बांधलं, व्हॉइस ओव्हर टाकला. संध्याकाळच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमवारीत, ते चौथ्या नंबरला होतं. साडेसातला बघतो तर वीस सेकंद. म्हातारी नाही, घागर नाही, ‘नागरिकांनी निवेदन दिले’ एवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, टेप खराब झाली. मग तिसऱ्या दिवशी पाणीयोजना कशी वेगाने चालली आहे याची बातमी मलाच वाचायला लावली. लिहून आलेली, टाइप केलेली. आमच्याकडे बातम्या टाइप करून कधी येत नसत.

मला कळलं ते चार महिन्यांनी, पगाराच्या चेकवरून. सही वेगळी होती, आणि सहीच्या वर छापलेलं फर्मचं नाव मी रोज वाचत होतो. खणलेल्या रस्त्याच्या कडेला ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशा पत्र्याच्या बोर्डावर. ठेकेदाराने चॅनेल दिवाळीतच विकत घेतलं होतं. जुना केबलवाला तसाच मोटरसायकलवर फिरत होता, वसुली करत होता, म्हणून गावाला वाटत होतं की सगळं पहिल्यासारखंच आहे.

आणि मी त्यानंतरही आठ महिने तिथे काम केलं. घराचा हप्ता होता. पानपट्टीवर लोक म्हणायचे, ‘तुमच्या चॅनेलवर आलं म्हणजे खरं असणार,’ आणि मी पानाला चुना जास्त झाला असं काहीतरी बोलून विषय बदलायचो.

महोदय, मला निदान चेक मिळत होता म्हणून कळलं. प्रेक्षकाला चेक मिळत नाही.

आता हेच चित्र मोठ्या पडद्यावर ठेवून पाहा. मी कुणावर आरोप करत नाही. ठेकेदाराने, कारखानदाराने, बिल्डरने, आमदाराच्या मेव्हण्याने वाहिनी काढू नये असंही मी म्हणत नाही. वृत्तवाहिनी काढायला तुमच्याच नियमांप्रमाणे किमान २० कोटींचं नक्त मूल्य दाखवावं लागतं. एवढे पैसे शिक्षकाकडे किंवा कवीकडे असणार नाहीत. ज्यांच्याकडे असणार, त्यांचे दुसरे धंदेही असणारच. हरकत नाही. कोलकात्याच्या मालकाने मराठी बातम्या चांगल्या दिल्या, हैदराबादेतून उत्तम मराठी ऐकू आलं, हे मी स्वतः मान्य करतो. हरकत आहे ती तोंडावरच्या बुरख्याला.

हा बुरखा किती जाड असू शकतो, त्याचं एक उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं. एनडीटीव्हीच्या संस्थापकांच्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीने २००९ मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या, कुणीच न ऐकलेल्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटींचं कर्ज घेतलं. कर्जाच्या कागदात एक कलम होतं. त्या कलमाने आरआरपीआरचा जवळजवळ सगळा हिस्सा, आणि तिच्यामार्फत एनडीटीव्हीतले २९.१८ टक्के, कर्ज देणाऱ्या कंपनीला आपल्या नावावर करून घेता येत होते. तेरा वर्षं प्रेक्षक ते चॅनेल बघत होते आणि हे कलम कपाटात होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने ती विश्वप्रधानच विकत घेतली आणि डिसेंबरात चॅनेल त्यांचं झालं. १ मे २०२४ ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, त्याच घरातून एनडीटीव्ही मराठी आली. तिकडे टीव्ही९ मराठी ज्या हैदराबादच्या कंपनीची, तिच्यातला मोठा हिस्सा २०१८ मध्ये अलंदा मीडियाने घेतला. यातलं काहीही बेकायदा नाही. पण कंपनीच्या पोटात कंपनी, तिच्या पोटात न्यास, न्यासाच्या पोटात कर्ज, अशी ही एकात एक घातलेली भांडी आमच्या आईने कशी उघडायची?

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माहितीच्या अधिकारात मला ते आधीच मिळालेलं आहे: माहिती उपलब्ध आहे. आहे खरी. तुमच्या संकेतस्थळावर नऊशेच्या आसपास परवानाधारक वाहिन्यांची यादी आहे, इंग्रजीत, वाहिनीपुढे कंपनीचं नाव. त्या कंपनीमागे कोण, हे हवं असेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर जायचं, शंभर रुपये भरायचे, ठरावीक वेळात कागद उघडायचे, त्यात दुसऱ्या कंपनीचं नाव निघालं की पुन्हा शंभर भरायचे. मी हे एका रविवारी करून बघितलं. तिसऱ्या कंपनीपर्यंत पोचलो आणि वेळ संपली. पेपरवाल्याला तुम्ही सांगता की मालकाचं नाव पेपरातच छाप. टीव्हीवाल्याच्या प्रेक्षकाला सांगता की मालक शोधायला दिल्लीच्या कपाटात जा. हा भेद कशासाठी?

खरं तर हा प्रश्न मी नव्याने विचारत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, तुम्हाला २००९ मध्ये माध्यमांच्या मालकीवर शिफारशी दिल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा दिल्या, जास्त सविस्तर. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था, सरकारी खाती यांना प्रसारणात येऊ देऊ नका, नियंत्रण कशाला म्हणायचं त्याची व्याख्या करा, मालकीचे तपशील नियमित घ्या. एप्रिल २०२२ मध्ये त्याच विषयावर आणखी एक सल्लामसलतीचा कागद काढला. एवढ्या वेळा तर आमच्या गावच्या पाणीयोजनेचाही आराखडा बदलला नाही.

आणि अधिकाराचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ लाच सांगून ठेवलं आहे की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, बंगालच्या क्रिकेट संघटनेचा, आणि तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले. लहरी जनतेच्या असतील तर त्या भाड्याने कुणाला दिल्या आहेत, हे जनतेला विचारावं का लागावं? सोसायटीत भाडेकरू आला तर आम्ही नोटीस बोर्डावर नाव लावतो.

जागेची सबबही चालणार नाही. आजचा मराठी वृत्तवाहिनीचा पडदा मी उपसंपादकाच्या नजरेने मोजला. खाली ॲस्टन बँड, म्हणजे मथळ्याची पट्टी, त्याखाली धावत्या अक्षरांचा टिकर, त्याखाली आणखी एक बारीक टिकर, उजवीकडे शेअर बाजार, वर कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात ‘सबसे पहिले आम्ही’ अशा अर्थाचं काहीतरी, आणि दर दहा मिनिटांनी डावीकडून आणि खालून जाहिरातीचा एल बँड येऊन बातमीला पोस्टकार्डाएवढी करून टाकतो. एवढ्या गर्दीत मालकाचं नाव बसणार नाही? सिनेमात कुणी विडी पेटवली की कोपऱ्यात इशारा आलाच पाहिजे, हा सरकारचाच नियम. मालिकांखाली तक्रार कुणाकडे करायची याची पट्टी धावते, म्हणजे तक्रार कुठे करायची ते कळतं, कुणाबद्दल करायची ते सोडून. आणि सगळ्यात कळस म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये तुम्ही केबलवाल्यांच्या लोकल चॅनेलसाठी नियम काढलेत, की त्यांनी पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ अशी अक्षरं दाखवावीत, म्हणजे उपग्रह वाहिनीशी गफलत होणार नाही. चांगला नियम. पण ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ वाचून आमच्या गावातल्या माणसाला एसटी स्टँडची चौकशी खिडकी आठवेल. त्याच जागी ठेकेदाराचं नाव लिहायला सांगितलं असतंत, तर घागरवाल्या म्हातारीला सगळं कळलं असतं.

माझा भाचा बॉस्टनला असतो. तिथल्या चॅनेल ७ चा, डब्ल्यूएचडीएच स्टेशनचा, एनबीसी नेटवर्कशी असलेला करार २०१६ च्या अखेरीस संपला. एनबीसीने शहरात स्वतःचं स्टेशन काढलं, आणि हे स्टेशन नेटवर्कविना बातम्या करत राहिलं. तो सांगत होता की शहराला सगळं ठाऊक होतं, स्टेशन मायामीच्या कुठल्या कंपनीचं, ती एनबीसीशी कोर्टात भांडली, सगळं. अमेरिकेत स्टेशनची नोंदलेली अक्षरं तीच राहतात आणि नेटवर्क बदलतं. ती अक्षरं आणि गावाचं नाव दर तासाला सांगावंच लागतं, आणि मालकीचा अहवाल सरकारी संकेतस्थळावरच्या प्रत्येक स्टेशनच्या सार्वजनिक फायलीत कुणालाही फुकट बघता येतो. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, एकेका कंपनीने शेकड्यांनी स्टेशनं गिळली आहेत. पण कुणी गिळलं ते तरी दिसतं.

म्हणून मागणी एवढीच. कायदा बदलायची गरज नाही, संसदेत जायची गरज नाही. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या, म्हणजे वाहिनी उपग्रहावर चढवण्या-उतरवण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांत तुम्ही वाहिन्यांना रोज ३० मिनिटं राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांना द्यायला सांगितली आहेत. त्या ३० मिनिटांतली दहा सेकंद मला द्या, प्रत्येक मुख्य बुलेटिनच्या सुरुवातीला. कंपनीचं नाव नुसतं नको. साखळीच्या शेवटी जो माणूस किंवा समूह बसला आहे त्याचं नाव हवं, आणि संपादकाचं. मालकी बदलली की महिनाभर रोज सांगा, कुणाकडून कुणाकडे. मार्चमध्ये फॉर्म ४ सारखी चौकट पडद्यावर लावा, एक टक्क्याची नको, पाच टक्क्यांची चालेल, मी हट्टी नाही. आणि वाहिनी जर आपल्या मालकाच्या दुसऱ्या धंद्याची बातमी देत असेल, तर त्या बातमीखाली तेवढी एक ओळ. लोकल केबल चॅनेललाही हेच. तिथे तर आधी, कारण तिथे ठेकेदार, नगरसेवक आणि बातमी एकाच माळ्यावर बसतात.

सवयीने मी नमुना तयार केला आहे. ‘ही वाहिनी ______ या कंपनीची असून तिचे नियंत्रण ______ यांच्याकडे आहे. त्यांचे इतर प्रमुख व्यवसाय : ______. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी संपादक ______ यांची.’ घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघितलं. सावकाश वाचलं तरी दहा सेकंदांत बसतं. रिकाम्या जागा मला भरता येत नाहीत. तुमच्या फायलीत त्या भरलेल्या आहेत.

आपला,
एक प्रेक्षक, पूर्वाश्रमीचा उपसंपादक
सातारा

ता. क. पट्टी मराठीत द्यायला सांगा, आणि अक्षर जरा मोठं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण टिकर अजून तिला वाचता येत नाही.